ओपनिंगचा बडग्या

क्रिकेटची मॅच मी आयुष्यात एकदाही मैदानावर जाऊन पाहिली नाही. तरी ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू सोडून द्यायचा असतो, हे मला माझ्या नवऱ्याच्या आधी कळलं होतं. कळणार नाही तर काय? आमच्या दाराला लागूनच पानठेला होता आणि दिवेलागणीपासून तिथे एकच विषय चालायचा, मिलच्या टीमची बॅटिंग. मी आत रहाटावर शेजारच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरत बसायची. मध्ये नावापुरती कुडाची भिंत. ठेल्यावरचा शब्द न् शब्द आत यायचा, आणि त्यातले निम्मे शब्द माझ्या नवऱ्याच्या वाट्याचे असायचे, कारण मिलची ओपनिंग तोच करायचा.

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. आमची वस्ती कोष्ट्यांची, पण निम्म्या घरांतले माग मुके झालेले. आमच्याही. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. त्यांचे गुडघे गेले आणि ते मागाच्या खड्ड्यात उतरेनासे झाले, आणि तसंही आमच्या लुगड्यांना इतवारीच्या बाजारात कोणी विचारत नव्हतं. नवरा मिलमध्ये बदली म्हणून लागला. बदली म्हणजे रोज सकाळी भोंगा व्हायच्या आत गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी कायम माणूस आला नाही तर आपलं नाव पुकारलं जाईल म्हणून. पुकारलं तर दिवस मिळाला, नाही तर डबा तसाच घरी. मी डब्याचं झाकण उघडायच्या आधी वजनावरून ओळखायची.

अशात मिलला नवीन मॅनेजर आला, मुंबईकडचा. त्याला क्रिकेटचा भारी शौक. त्याने सरळ सांगून टाकलं की टीममधले जे बदली सीझनच्या सुरुवातीला चांगले खेळतील, त्यांना दिवाळीनंतर कायम करीन. झालं. आमच्या घराचं सगळं त्या लाकडाच्या फळीवर येऊन बसलं. कायम झाला तर नागपूर. नाही झाला तर खापा, माझं माहेर, जिथे माझ्या वडिलांचे माग अजून चालत होते आणि जावयाला बसायला एक खड्डा रिकामा होता. घरजावई होऊन राहण्याच्या नुसत्या विचाराने नवऱ्याच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि मामाजी तर सुनेच्या माहेरी मेल्यावरही आले नसते. म्हणजे आम्ही गेलो तर म्हातारा मुक्या मागाशेजारी एकटा राहणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, पण बोलायचं कोणी?

आणि गंमत अशी की ठेल्यावर माझ्या नवऱ्याची सालं काढण्यात सगळ्यांत पुढे हेच मामाजी.

ठेल्यावर जमणारे दहा जण असतील, पण खरे वाद घालणारे तीनच. एक स्वतः पानठेलेवाला, दुसरा मिलमधला जॉबर, म्हणजे मजुरांवरचा मुकादम, जो आमच्याच आळीत राहायचा, आणि तिसरे मामाजी. पाऊस अजून चालू असायचा, मैदानात गुडघाभर चिखल, पण यांचा सीझन केव्हाच सुरू झालेला असायचा.

"बॉलिंगची काई फिकीर नाई," जॉबर म्हणायचा. "आपला बॉलर कापून काढते. पन बॅटिंगचं काय गा? चार जन जाते, चार जन वापस येते. दहीवडे खायले गेल्यासारखे."

"दोन नंबरवाला तरी बरा," ठेलेवाला म्हणायचा.

"तो? त्याचं पोट पयले पोचते अन् तो मागून. मांगच्या वर्षी तीनदा रनआऊट झाला, तिन्हीदा समोरच्याले शिव्या दिल्या."

मग मला कळायचं आता कोणाची पाळी आहे. रहाट मी मुद्दाम जोरात फिरवायची.

"अन् आमचा घ्या," मामाजी सुरू करायचे, जसा काही तो त्यांचा मुलगा नसून भाड्याने आणलेला कोणी होता. "बाहेरचा चेंडू दिसला का याचा हात वळवळलाच. अरे सोड ना बापा, तो काय तुले बोलावून राहिला? नाई. गेला, लागला, झेल. शून्य. वापस. मले तर मैदानातून उठून घरी यायची लाज वाटते."

"जाऊ द्या, बाबाजी, या वर्षी करन तो," ठेलेवाला म्हणायचा.

"कायचा करते. सुरुवातीच्या मॅची धरमपेठच्या पोरांसंग आहे. ते कॉलेजातले पोरं, रोज प्रॅक्टिस करते. पयल्या ओव्हरीत याले उचलतीन."

मी आतून दात-ओठ खायची. बाप आहे की वैरी, असं मनात यायचं. पण रात्रीचं जेवण झालं की हाच म्हातारा कंदिलाच्या उजेडात मुलाला मागाच्या काठाशी उभं करायचा आणि धुण्याचं थापटणं हातात देऊन म्हणायचा, "आता सोड. हा पन सोड. शाबास." चेंडू नव्हताच. मामाजी नुसता हात हलवायचे आणि माझा नवरा न आलेले चेंडू सोडून द्यायचा. इतकी केविलवाणी प्रॅक्टिस कोणी कधी केली नसेल. मला हसू यायचं आणि लगेच रडू.

श्रावण संपत आला तसा ठेल्यावरचा आवाज बदलला. चेष्टा कमी झाली. जॉबर मिलमधून बातमी घेऊन आला होता की मॅनेजरने ऑफिसात एक नवीन बाबू घेतला आहे आणि तो ओपनिंग खेळतो. त्या संध्याकाळी मामाजींनी पानसुद्धा खाल्लं नाही. ते म्हणाले, "हे आता खेळानं सुधारनारं नाई. हे लागलं आहे त्याले. पीडा आहे ही. काढाच लागन."

नागपूरबाहेरच्यांना सांगायला हवं म्हणून सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे मारबती निघतात. बाईच्या रूपातले मोठाले पुतळे, एक काळी, एक पिवळी, आणि त्यांच्या मागोमाग गल्लीगल्लीतून केलेले बडगे. बडग्या म्हणजे बांबू, तणस म्हणजे भाताचा पेंढा, रद्दी आणि फाटक्या कपड्यांचा पुरुष. ज्याला जी पीडा असेल तिचा बडग्या. कोणी खोकल्याचा करतो, कोणी ढेकणांचा, कोणी महागाईचा. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असा गजर करत सगळं शहरातून फिरवायचं आणि वेशीबाहेर नेऊन जाळायचं. पीडा गेली. त्यात कोणावर राग नसतो, आणि असला तरी आळीतल्या आळीत सगळ्यांना तो कळतो.

तर मामाजींनी ठरवलं की या वर्षी शून्याचा बडग्या करायचा. ठेलेवाल्याने बांबू दिले. जॉबरने मिलमधली पॅकिंगची तणस आणि चिंध्या आणल्या. हातात फळी, पायाला पुठ्ठ्याचे पॅड, गळ्यात फाटक्या चपलांची माळ आणि छातीवर भलं मोठं पांढरं शून्य. म्हातारा इतक्या वर्षांनी माणसात आल्यासारखा दिसत होता. गुडघे दुखत असूनही उकिडवा बसून त्याने बडग्याचं तोंड रंगवलं. मी दारातून पाहिलं तर नाक थेट माझ्या नवऱ्याचं. सगळ्या आळीत कितीतरी दिवसांनी हसणं चाललं होतं, त्यात मी कुठे मिठाचा खडा टाकू.

तान्ह्या पोळ्याला नवरा घरी नव्हता. सणाला कायमची माणसं दांड्या मारतात आणि बदलीवाल्यांना हमखास दिवस मिळतो, म्हणून तो पहाटेच गेटवर गेला होता. बडग्या निघाला तेव्हा मी इतर बायकांबरोबर ओट्यावर उभी होते. आधी चपला दिसल्या, मग शून्य. मग मी वर पाहिलं. बडग्याच्या डोक्यावर मिलची टोपी होती. खरी. मॅनेजरने आल्या आल्या प्रत्येक खेळाडूला दिलेली, पुढे मिलचा शिक्का भरलेली, आमच्या खुंटीवरची.

मी धावत जाऊन मामाजींना गाठलं. "मामाजी, टोपी काहून घातली तुमी?"

"ज्याची पीडा त्याच्या अंगावरचं काई नको काय, बाई?" ते मला समजावून सांगू लागले, अगदी प्रेमाने. "नुसत्या तणशीले जाळून तनसच जाते. टोपी काय, मिल अजून देईन. एकदा हा कायम झाला तं टोप्याच टोप्या."

एवढ्यात ढोल वाजला आणि ते गर्दीबरोबर पुढे गेले. मी तिथेच उभी राहिले. खरं सांगायचं तर मीसुद्धा हात जोडले आणि पुटपुटले, घेऊन जा गं बाई, घेऊन जा. काय करणार, दुसरं कोणाला सांगावं असं कोणी नव्हतंच.

बुधवारी बाजाराच्या चौकात गर्दीत मॅनेजरची मोटार अडकली होती. हे मला नंतर जॉबरने सांगितलं. काच खाली करून साहेब पाहत होता. त्याला ना मारबत ठाऊक, ना बडग्या. त्याला एवढंच दिसलं की त्याच्या मिलची माणसं एका पुतळ्याला चपलांची माळ घालून, त्याने स्वतःच्या हाताने दिलेली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवून, ओरडत जाळायला नेत आहेत. त्या उन्हाळ्यात मिलमध्ये हरताळाची कुजबुज होऊन गेली होती. त्याने मनात काय जोडायचं ते जोडलं. काच वर केली आणि रामदासपेठेत आपल्या बंगल्यावर निघून गेला. कोणाला एका शब्दाने बोलला नाही.

संध्याकाळी नवरा आला, तेव्हा मी त्याला टोपीचं सांगितलं. त्याने रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. "कोनी पाह्यलं काय?" एवढंच विचारलं.

दसरा झाला की प्रॅक्टिस सुरू होणार होती आणि टोपी लागणार होती. मी ठरवलं, आपण बनवू. मी कोष्ट्याची मुलगी, कोष्ट्याची सून, कापडाला मी घाबरणार आहे होय? नवऱ्याने तसंच निळं कापड शोधून आणलं. दुसऱ्या एका खेळाडूची टोपी एका दुपारपुरती मागून आणली. मी शिक्का जसाच्या तसा रेशमाने भरला. डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत भरला. मामाजी पाहायचे आणि म्हणायचे, "काहून एवढी मरून राहिली वं? मिल देईन ना नवी." मी मान खाली घालून टाका घालत राहायची. टोपी झाली तेव्हा मलाच वाटलं, ही त्या टोपीपेक्षा बरी झाली आहे.

आणि तिथेच घात झाला. प्रॅक्टिसच्या पहिल्या दिवशी साहेब स्वतः मैदानावर आला, सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि एकेक टोपी हातात घेऊन उलटून पाहू लागला. बाकीच्यांच्या घामाने पिवळ्या पडलेल्या, आतून मशीनची शिलाई. माझ्या नवऱ्याची कोरी करकरीत आणि आतून हाताचे टाके.

"असली कहाँ है?" साहेबाने विचारलं.

नवऱ्याने सांगायचा प्रयत्न केला. पोळा, मारबत, पीडा, शून्य, सगळं सांगितलं. तो आधीच कमी बोलणारा, त्यात हिंदी, त्यात समोर साहेब. जॉबर तिथेच उभा होता. तो मला नंतर म्हणाला, "वहिनी, मी तोंड उघडनार होतो." पण उघडलं नाही. त्याला चार लेकरं होती, आणि बडग्यातली तणस त्याची होती. मी त्याला तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही.

"हमारी टोपी जलाते हो," साहेब म्हणाला, "और हमीं से पक्की नौकरी माँगते हो? किस किस ने बनाया, नाम बताओ. तुम्हारी नौकरी रहेगी."

नुसती नावं घ्यायची होती. ती घेतली असती तर ठेलेवाल्याचा ठेला उठवला गेला असता, जॉबर घरी बसला असता, आणि म्हाताऱ्याला पोलीस चौकीत नेलं असतं. माझा नवरा म्हणाला, "मैंने बनाया, साहेब. अकेले ने."

त्या दिवशी तो टीममधूनही गेला आणि गेटवरूनही. त्याचं नाव पुकारणं बंद झालं.

घरी येऊन त्याने मला सगळं सांगितलं आणि माझा हात धरला. "बाबाले सांगू नको वं. त्यायले कळलं तं ते मरतीन."

"अन् आपन नाई मरून राहिलो काय?" मी म्हटलं. मला इतका संताप आला होता की काय फोडू आणि काय नाही असं झालं होतं. त्या म्हाताऱ्याला ओट्यावर उभं करून सगळ्या आळीदेखत विचारावं, समाधान झालं का, असं वाटत होतं. पण नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि गिळलं.

मामाजींना त्याने सांगितलं, "खेळ बरोबर नाई म्हनून काढलं टीममधून." गेटचं सांगितलंच नाही, जॉबरलाही गप्प राहायची शपथ घातली. आणि मामाजींना ते तत्काळ पटलं. मला सगळ्यांत जास्त कशाने दुखावलं असेल तर त्याने. एक प्रश्न नाही, एक 'काहून' नाही. त्याच संध्याकाळी ठेल्यावर ते सांगत होते, "काढलं ते बरोबरच केलं साहेबानं. बापाच्या तोंडानं सांगून राहिलो, त्याले ओपनिंग जमत नाई. पन बदलीत आहे ना अजून, आज नाई तं उद्या होईनच कायम." आत मी आणि नवरा समोरासमोर बसलो होतो आणि भिंतीतून हे येत होतं. त्याने मला बोटाने खूण केली, गप्प.

मग नाटक सुरू झालं. रोज सकाळी तो डबा घेऊन निघायचा, शुक्रवारी नावाच्या तलावाच्या काठी बसायचा आणि मिल सुटायच्या वेळी परत यायचा. काम शोधलं नाही असं नाही. बर्डीच्या बाजारात, स्टेशनवर, गिट्टी खदानीत, सगळीकडे विचारून आला. अखेर मीच माझ्या वडिलांना निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं, या. दिवाळी झाली की जायचं ठरलं. मी भांडी एका पोत्यात आणि कपडे एका गाठोड्यात बांधून ठेवले, आणि मामाजींना उद्या सांगू, परवा सांगू, असं करत आम्ही एकमेकांवर ढकलत राहिलो.

सीझनची पहिली मॅच दिवाळीनंतरच्या रविवारी झाली. धरमपेठच्या कॉलेजातल्या पोरांशीच. मामाजी सकाळीच काठी टेकत ठेलेवाल्याबरोबर गेले. नवरा दिवसभर अंथरुणावर पडून छपराकडे पाहत होता. मी विचारलं, जेवता का, तर म्हणाला, "आता ड्रिंक झालं असन." थोड्या वेळाने म्हणाला, "आता लंच." मी पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी मामाजी आले ते दारातूनच बोलत आले. मी त्यांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. मिल जिंकली होती. नव्या बाबूने ओपनिंगला जाऊन जेवणाच्या सुट्टीपर्यंत विकेट दिली नव्हती.

"बाहेरचे चेंडू कसे सोडले म्हनून सांगू," ते नवऱ्याजवळ येऊन बसले आणि हाताने दाखवू लागले. "हा सोडला. हा पन सोडला. ते कॉलेजवाले थकून गेले. सारे मले म्हनते, बाबाजी, तुमच्या बडग्यानं काम केलं. टीमची पीडा गेली."

मी चुलीपुढून उठले. आता माझ्याच्याने राहवणार नव्हतं. माझं तोंड उघडलंही होतं. पण नवरा माझ्या आधी बोलला.

"पयल्या ओव्हरीत कोन होता टाकाले?" त्याने विचारलं. आणि मामाजी सांगत गेले, आणि तो एकेक चेंडू विचारत गेला, आणि मी उभीच राहिले.

सगळं सांगून झालं. कोपऱ्यातल्या गाठोड्याकडे त्याची पाठ होती. त्याने मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला. लग्न होऊन मी त्या घरात आल्यापासून त्यांना त्याच्या अंगाला हात लावताना पाहिलं नव्हतं.

"तू मनाले लावून घेऊ नको बापा," मामाजी म्हणाले. "मांगच्या बारीले मी साऱ्या टीमचा बनवला, म्हनून तुझ्यापर्यंत पोचलं नसन. येत्या पोळ्याले एकट्या तुझ्यासाठी बनवतो. मोठा. पाहू मंग कसा काय कायम होत नाई तू."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"बनवा, बाबा," तो म्हणाला. "बांबू मी आनून देईन."